रानड्यांचं भाषण आणि पहिल्या वर्षाचं अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, एक वाक्य धाडकन येतं: इतर परिस्थिती स्थिर असताना वस्तूची किंमत वाढली की मागणी घटते. वाक्याचा मागचा भाग आपण घोकतो, आकृती काढतो, गुण मिळवतो. पहिल्या चार शब्दांकडे मात्र कुणी बघत नाही. आज मला त्या चार शब्दांबद्दलच बोलायचंय.

1892 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात महादेव गोविंद रानड्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर भाषण दिलं. तेव्हा विद्यार्थ्यांच्या हाती असलेली पुस्तकं विलायतेची. मिलचा ग्रंथ 1848चा, फॉसेटचं पाठ्यपुस्तक 1863चं. त्यांत गृहीत काय धरलेलं? माणूस स्वतःचा फायदा बघतो, करार मोकळेपणानं करतो, भांडवल आणि मजूर जिथे मोबदला जास्त तिथे जातात. रानड्यांचं म्हणणं असं, की ही सगळी गृहीतं आहेत, आणि ती सगळ्या देशांना, सगळ्या काळांना लागू पडतात असं समजून शिकवणं चूक आहे. आपल्याकडे व्यक्तीपेक्षा कुटुंब आणि जात भारी, स्पर्धेपेक्षा रूढी भारी, करारापेक्षा माणसाचा दर्जा भारी.

आता हे त्यांना कुठून सुचलं? जर्मनीतला लिस्ट त्यांनी वाचला होता, हे खरंच. पण मला वाटतं, पुस्तकापेक्षा कचेरीतली दप्तरं जास्त कारणीभूत असावीत. हायकोर्टात न्यायमूर्ती व्हायला अजून वर्षभर अवकाश होता. त्या वेळी ते दख्खनच्या शेतकरी कायद्याखालचे स्पेशल जज्ज होते. पुणे, नगर, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतले कर्जाचे निकाल तपासायचे, हे त्यांचं काम.

या कायद्यामागची गोष्ट सांगायलाच हवी. 1855 साली सरकारनं व्याजावरची बंधनं उठवली. विचार पुस्तकातलाच: दोन शहाणी माणसं करार करतात, मध्ये सरकारनं का पडावं? पण इथे एका बाजूला लिहिता-वाचता येणारा सावकार आणि दुसऱ्या बाजूला रोख्यावर निशाणी करणारा कुणबी. त्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865ला संपलं, कापसाचे भाव कोसळले, वर सारा वाढला. मे 1875मध्ये सुप्यात लोक उठले. गंमत बघा, त्यांचा राग माणसांवर कमी, कागदावर जास्त. रोखे काढून घेतले आणि जाळले! मग 1879चा कायदा आला. नुसता रोखा बघून हुकूमनामा द्यायचा नाही, कोर्टानं कर्जाचा सगळा पूर्वेतिहास तपासायचा. आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. म्हणजे ‘मोकळा करार’ या दोन शब्दांचं काय होतं ते रानडे रोज उघड्या डोळ्यांनी पाहत होते, बरं का.

पण रानड्यांचंही सगळंच मान्य करायचं कारण नाही. ते म्हणाले, इथे भांडवल हलत नाही, मजूर हलत नाही. अहो, ते सावकार तर मारवाडातून आणि गुजरातेतून आलेले! भांडवल शेकडो मैल चालून सुप्यापर्यंत पोचलं होतं. आणि त्याच वर्षांत रत्नागिरीची माणसं मुंबईच्या गिरण्यांत कामाला जात होती. पाठ्यपुस्तकाची गृहीतं पुसताना त्यांनी स्वतःची थोडी जास्तच ठळक लिहिली, असं माझं मत आहे. भाषणातला धोरणाचा भाग मात्र मला आजही भक्कम वाटतो. सरकारनं उद्योगांना हात द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. सरकारनं बाजारात पडू नये, हे तत्त्व खुद्द सरकार तरी कुठे पाळत होतं? इंग्लंडातल्या रेल्वे कंपन्यांना पाच टक्के व्याजाची हमी दिली होतीच की, आणि ती भरून निघत होती इथल्या करातून.

त्यांना गुरू मानणारे गोखले तेव्हा फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. पुढे 1897 साली ते लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्षीला उभे राहिले आणि हिंदुस्थानच्या खर्चाचे आकडे त्यांनी मांडले.

रानड्यांचं भाषण 1898 साली त्यांच्या निबंधसंग्रहात आलं. आज ते विद्यार्थ्याला भेटतं ते आर्थिक विचारांच्या इतिहासाच्या पेपरात, भारतीय विचारवंतांच्या प्रकरणात, दादाभाईंच्या शेजारी, टीप लिहा म्हणून. तोवर मागणीची आकृती काढून दोन वर्षं झालेली असतात.