तळी बुजली, बायकांनी बसायचं कुठं?

कोल्हापूर हे मुळात तळ्यांचं गाव. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर या सहा वस्त्या मिळून हे शहर झालं, असं जुने अभ्यासक सांगतात. यातल्या शेवटच्या तीन नावांशी तळी जोडलेली होती. आज रंकाळा तेवढा उरलाय. रावणेश्वरच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभं राहिलं. कपिलतीर्थावर भाजी मंडई भरते. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, आणि पावसाळ्यात तिथं अजून पाणी साचतं. पाणी आपला जुना पत्ता विसरत नाही.

हे आज काढायचं कारण माणसाचं मन. निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये देशातल्या बारा राज्यांत मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण केलं. शंभर प्रौढांमागं दहा-अकरा जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि त्यातले बहुतेक जण उपचारापर्यंत पोहोचलेच नव्हते. आपल्याकडं 'डोक्याचा डॉक्टर' म्हटलं की लोक काय म्हणतील, ही धास्ती आधी.

मग पूर्वी लोक काय करत होते? दुःख तेव्हाही होतंच. पण ते बाहेर काढायला जागा होत्या. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं. पेठेपेठेतल्या तालमींत पोरं घाम गाळायची आणि संध्याकाळी कट्ट्यावर मन मोकळं करायची. हे झालं पुरुषांचं. बायकांना तालमीत जागा नव्हती. त्यांचा कट्टा म्हणजे पाणवठा. धुणं धुता धुता सासरचं-माहेरचं बोलणं व्हायचं. नळ आला, डोक्यावरची घागर उतरली, हे चांगलंच झालं. पण पाणवठ्याबरोबर बोलायची जागाही गेली, आणि तिच्या बदली दुसरी कुणी दिली नाही.

लोकांच्या पैशातून लोकांसाठी बाग, ही कल्पना इंग्लंडात १८४७ साली बर्केनहेडला प्रत्यक्षात आली. कारखान्यांच्या धुरात राहणाऱ्यांना मोकळा श्वास मिळावा, हा हेतू. आपल्याकडं १८७० च्या दशकात चार्ल्स मॅंटनं टाऊन हॉलची इमारत बांधली. तिथल्या बागेतली जुनी झाडं आजही उभी आहेत. शेजारीच सीपीआर. पेशंट घेऊन गावाकडनं आलेल्या नातेवाइकांना दोन घटका टेकायला त्याच झाडांची सावली.

झाडाचा आणि बरं होण्याचा संबंध शास्त्रानंही तपासलाय. रॉजर उलरिक या संशोधकानं १९८४ साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्यांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना वेदनाशामक औषधंही कमी लागली. इंग्लंडात सुमारे वीस हजार लोकांची माहिती तपासून २०१९ साली निघालेला निष्कर्ष असा, की आठवड्याला दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांना आपली तब्येत आणि मन जास्त बरं वाटतं. दिवसाला जेमतेम सतरा-अठरा मिनिटं. बाग हे औषध नव्हे, आजार असेल तर डॉक्टरकडं जायलाच हवं. पण रोजचा ताण उतरवायला याहून स्वस्त उपाय नाही.

आता प्रश्न असा, की ही सतरा मिनिटं कुणाला मिळतात? अमेरिकेत लॅटिनो लोकांच्या बऱ्याच वस्त्यांना बागा कमी पडतात, म्हणून तिथं या विषयावर आवाज उठतोय. आपलंही वेगळं नाही. ज्याच्याकडं गाडी आहे तो सकाळी शिवाजी विद्यापीठाच्या आवारात नाहीतर रंकाळ्यावर फिरून येतो. दाट पेठेत दोन खोल्यांत राहणारी, दिवसभर घरकाम करणारी बाई कुठं जाणार? रंकाळ्यात सांडपाणी मिसळलं, जलपर्णी माजली, तेव्हा पाण्याबरोबर काठावरची सकाळही नासली. वास मारणाऱ्या पाण्याकाठी कोण मन मोकळं करेल?

म्हणून मंडळी, तळं स्वच्छ ठेवणं आणि बाग राखणं ही शोभेची कामं नव्हेत. ती दवाखान्याइतकीच गरजेची आहेत. कारंजी आणि रंगीत दिवे नंतर बसवा. आधी सावली, बाकडी, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आणि रात्री पुरेसा उजेड द्या. विकास आराखड्यात बागेसाठी राखलेल्या जागा बागेसाठीच राहू द्या. मैदान मोकळं दिसलं की त्यावर काहीतरी बांधायची घाई नको.

तुमच्या पेठेत, तुमच्या घरातली बाई चालत जाऊन अर्धा तास निवांत बसेल अशी जागा आहे का? असेल तर तिचं नाव खाली लिहा. नसेल तर प्रभागाचं नाव लिहा. यादी मोठी झाली की घेऊन जाऊ महापालिकेत.