चोपचिनी नीट कशी घ्यावी? सोळाव्या शतकातील एका चिनी मुळाची पथ्यकथा

१/
जानेफळसारखे वऱ्हाडातील बाजारगाव असो वा पुण्या-मुंबईची पेठ, काष्ठौषधी विकणाऱ्याकडे चोपचिनी मागितली की गाठाळ, जड मुळाचे तुकडे हाती पडतात. नाव फारसी आहे. चोब-इ-चीनी, म्हणजे चीनचे लाकूड. सोळाव्या शतकात हे मूळ गोव्यात पोहोचले, तेव्हा ते कसे घ्यावे याचे नियमही त्याच्याभोवती जमत गेले. हा धागा त्या नियमांविषयी आहे.

२/
आधी रोग. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला. पुढील काही दशकांत पोर्तुगीज जहाजांच्या वाटेने उपदंश किनाऱ्यावरून आत पसरला. सोळाव्या शतकातील वैद्य भावमिश्र यांनी 'भावप्रकाश' ग्रंथात त्याला नाव दिले 'फिरंगरोग'. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत या नावाचा रोग नव्हता.

३/
या रोगावर युरोपात आणि भारतात मुख्य मदार पाऱ्यावर होती. पाऱ्याने व्रण सुकत, पण तोंड येई, सतत लाळ गळे, दात हलू लागत. अशा वेळी मलाक्का बंदरातून चिनी मूळ आले. ते जवळजवळ बेचव होते आणि त्याने तोंड येत नव्हते. रोग्यांना ते वरदान वाटले, यात नवल नाही.

४/
१५३४ मध्ये गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही उपचार करीत असे. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने भारतातील औषधींची चर्चा संवादरूपाने केली. त्यातील एक संवाद याच मुळावर आहे. पोर्तुगीजांना त्याची ओळख १५३५ च्या सुमारास झाली.

५/
घेण्याची रीत साधारण अशी : मुळाच्या पातळ चकत्या करायच्या, पाण्यात भिजवायच्या, मंद आचेवर आटवायच्या. काढा गरम प्यायचा आणि पांघरूण घेऊन घाम येऊ द्यायचा. विश्रांती, ऊब आणि मोजका आहार. हा क्रम एक-दोन दिवसांचा नव्हे, कित्येक दिवसांचा.

६/
कीर्ती युरोपात पोहोचली. सम्राट पाचव्या चार्ल्सने संधिवातावर हा काढा घेतला. त्याच्या पदरचा शरीररचनातज्ज्ञ व्हेसॅलियस याने १५४६ मध्ये पत्ररूपी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे शीर्षकच 'चिनी मुळाचा काढा देण्याची रीत' अशा अर्थाचे आहे. गंमत अशी की मुळाच्या गुणांबद्दल त्याला फारसा विश्वास नव्हता आणि पुस्तकाचा मोठा भाग शरीररचनेच्या वादाला वाहिलेला आहे.

७/
भावमिश्रांचा नियम वेगळा. काढ्याऐवजी शाणभर, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम, चूर्ण मधातून घ्यावे आणि मीठ सोडावे. मीठ सोडवतच नसेल, तर सैंधव चालेल. येथे शास्त्रकाराला माणसाची जीभ ठाऊक आहे. पथ्य सांगतानाच त्याने पळवाटही सांगून ठेवली.

८/
त्याच शतकात चीनमध्ये ली शिझेन आपला औषधीकोश रचत होता. तो १५९६ मध्ये छापून आला. चोपचिनीच्याच कुळातील तुफुलिंग हे मूळ त्याने याच रोगावर सांगितले आणि पाऱ्याच्या औषधांनी झालेल्या अपायावरही. पथ्य कोणते? चहा वर्ज्य.

९/
आता हे नियम शेजारी ठेवून पाहावेत. भारतीय वैद्य मीठ सोडायला सांगतो, चिनी वैद्य चहा. रोग एक, मूळ एकाच कुळातले. पण प्रत्येकाने रोग्याच्या ताटातली रोजची, सोडायला अवघड अशी वस्तू निवडली.

१०/
यामागे उपदंशाचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. पहिला व्रण काही आठवड्यांत उपचाराविनाही भरून येतो. नंतर उठणारे पुरळही मावळते. मग रोग वर्षानुवर्षे दडून राहू शकतो. महिनाभर काढा घेणाऱ्याला व्रण भरलेला दिसे आणि श्रेय मुळाला जाई. रोग पुन्हा उसळला, तर पथ्य मोडल्याचा ठपका ठेवायला जागा तयारच असे. कठोर पथ्याने औषधाची अब्रू राखली. दोषाचे ओझे मात्र रोग्याच्या माथी गेले.

११/
म्हणून सारेच नियम पोकळ ठरत नाहीत. याच रोगावर रसकर्पूर हे पाऱ्याचे औषध देताना भावमिश्र सांगतात की ते कणकेच्या गोळीत बंद करावे आणि दातांना लागू न देता गिळावे. हा नियम तोंडाची दुर्दशा पाहिलेल्या वैद्याचा आहे. त्याने विष निर्विष होत नव्हते, पण नियम अनुभवातून आला होता. चोपचिनीचाही एक खरा लाभ होताच : ती घेताना पारा बंद झाला, तर रोग्याची त्या यातनेतून सुटका होई.

१२/
१९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी उपदंशाचा जंतू शोधला. १९४३ मध्ये पेनिसिलिनने तो बरा होतो हे दिसून आले. त्या इंजेक्शनला मीठ वा चहा सोडण्याची अट नव्हती. चोपचिनी मात्र दुकानात टिकून आहे. पूर्वजांचे पथ्य वाचताना दोन प्रश्न विचारावेत : हा नियम रोग्याला जपत होता की औषधाला? आणि गुण आला नाही, तेव्हा दोष कोणाच्या पदरी पडत होता?

(धागा समाप्त)