बाईंचा लेख आणि हरवलेला फाँट

२००० सालच्या आपल्या पहिल्या मेळाव्याच्या पुस्तिकेची सीडी कपाटात सापडली. तिच्यात मराठीच्या बाईंचा लेख होता. उत्साहाने फाइल उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे!

तेव्हाचे बहुतेक मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. प्रत्येकाची मांडणी निराळी, त्यामुळे फाँट हरवला की मजकूरही हरवला. खरे तर युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. 'क'ला २३२५ हा स्वतःचा क्रमांक मिळाला होता. पण आपल्याकडच्या छपाईत युनिकोड रुळायला बरीच वर्षे लागली.

शेवटी एका वर्गमैत्रिणीने जपून ठेवलेली छापील पुस्तिका पाठवली. तीवरून सगळा लेख मी मोबाइलवर पुन्हा टाइप केला. मोबाइल मध्येच ऱ्हस्व-दीर्घ 'सुधारत' होता. बाई असत्या तर त्यालाही शंभर वेळा लिहायला लावले असते!

तो लेख पुढच्या पानावर दिला आहे. आता तो कुणाच्याही फोनवर उघडेल. तरीही ही छापील प्रत जपून ठेवा.