भंगारातला वेग

कॅलिफोर्निया हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे राज्य. तिथल्या लॉस एंजेलिस शहराच्या आसपास, साधारण १९३० ते १९५५ या पंचवीस वर्षांत, मोटारीच्या इतिहासातले एक मोठे गमतीचे प्रकरण घडले. खिशात फारसे पैसे नसलेली अठरा-वीस वर्षांची पोरे जुनी फोर्ड गाडी घेत, मोडक्या गाड्यांच्या आवारात जाऊन तिच्यासाठी एकेक भाग हुडकून आणीत, आणि कारखान्यातून निघताना तिच्यात नव्हता एवढा वेग तिला देत. या गाड्यांना पुढे ‘हॉट रॉड’ असे नाव पडले. मोटार शर्यतींचा इतिहास बहुधा मोठ्या कारखान्यांचा आणि धनिकांचा असतो. आज आपण जो पाहणार आहोत तो भंगाराचा आहे.

आता कुणी म्हणेल, भंगारातून गाडी सुधारते म्हणजे काय? आपल्याकडे कुर्ल्याला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात माणूस जातो तो मोडलेल्या भागाच्या जागी तसाच दुसरा भाग मिळावा म्हणून. ही पोरे जात होती ती मूळ भागापेक्षा सरस भाग आणायला. हे त्यांना साधले कसे, याचे उत्तर त्या पोरांच्या हुशारीत जितके आहे तितकेच एका हट्टी म्हाताऱ्याच्या स्वभावात आहे. तो म्हातारा म्हणजे हेन्री फोर्ड.

३१ मार्च १९३२ रोजी फोर्डने आपली आठ सिलिंडरची नवी गाडी लोकांपुढे आणली. दोन रांगांत चार-चार सिलिंडर, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे तिरके बसवलेले. असले इंजिन तोवर कॅडिलॅक किंवा लिंकन घेणाऱ्यांनाच परवडे. फोर्डने सगळा ठोकळा एकाच ओतकामात काढला आणि किंमत खाली आणली. उघडी दोन आसनी गाडी, जिला रोडस्टर म्हणत, ४६० डॉलरला मिळू लागली. इंजिन २२१ घनइंचांचे, शक्ती ६५ अश्वांची. त्याआधीच्या ‘मॉडेल ए’ची शक्ती चाळीसच होती. गाडी हलकी, इंजिन जोरदार. म्हणजे सामान्य माणसाच्या हाती आलेली ही पहिली वेगवान गाडी म्हटली तरी चालेल.

फोर्डचा हट्ट असा, की एकदा पसंत पडलेली गोष्ट तो सोडायचा नाही. गाडीच्या पुढे आणि मागे एकेकच आडवा पाटा, ही त्याची जुन्या ‘मॉडेल टी’पासूनची पद्धत. बाकीचे कारखानदार ती केव्हाच सोडून पुढे गेले, फोर्डच्या गाडीत ती १९४८ पर्यंत टिकली. इंजिनाचेही तेच. लहानमोठे फेरफार होत होत तेच आठ सिलिंडरचे घराणे अमेरिकेत १९५३ पर्यंत चालले. गाडी घेणाऱ्याला हा मागासलेपणा वाटे, आणि तो होताही. पण भंगाराच्या आवारात उभ्या असलेल्या पोराच्या दृष्टीने पाहा. १९३२ च्या गाडीखाली १९४० च्या गाडीचा भाग थोड्याफार खटपटीने बसतो! दरवर्षी कारखान्याने जी काही सुधारणा केली असेल ती पुढे चार-पाच वर्षांनी, कुठे तरी आपटलेल्या गाडीतून, वजनाच्या भावाने हाती येते.

सगळ्यांत चांगले उदाहरण ब्रेकचे. १९३२ च्या फोर्डला ब्रेक होते ते सळयांचे. पायाखालचा दट्ट्या दाबला की सळया ओढल्या जात आणि चारी चाकांचे ब्रेक आवळत. चारी सळया सारख्या ताणलेल्या असल्या तर ठीक, नाही तर गाडी एका अंगाला ओढ घेई. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक प्लिमथ गाडीला १९२८ पासून होते, शेवरोलेने ते १९३६ मध्ये घेतले. हेन्री फोर्ड ऐकेना. लोखंडी सळीवर त्याचा विश्वास, तेलाच्या नळीवर नाही. अखेर १९३९ मध्ये तो नमला. त्यानंतर भंगारात येणाऱ्या प्रत्येक फोर्डबरोबर तेलाचे ब्रेकही येऊ लागले, आणि ते जुन्या एक्सलवर चढवणे हे शहाण्या पोराचे पहिले काम झाले. पहिले काम, हे शब्द मी जाणून वापरतो. कारण सगळीच पोरे शहाणी नव्हती. पुष्कळांनी आधी इंजिन वाढवले आणि ब्रेकचे पुढे बघू म्हणून ठेवले.

इंजिन वाढवण्याची युक्तीही ऐकण्याजोगी आहे. फोर्डच्याच कंपनीने १९३९ पासून मर्क्युरी नावाची थोडी महाग गाडी काढली. तिचे इंजिन २३९ घनइंचांचे. युद्धानंतर तेच माप फोर्ड गाडीलाही मिळाले. मग १९४९ च्या मर्क्युरीत कंपनीने क्रँक बदलला. क्रँक म्हणजे पिस्टनच्या वरखाली जाण्याचे फिरण्यात रूपांतर करणारा वाकडा दांडा. आधीच्या क्रँकवर पिस्टन पावणेचार इंच चाले, या नव्यावर पुरा चार इंच. फरक पाव इंचाचा, पण आठ सिलिंडर मिळून इंजिन २३९ चे २५५ घनइंचांचे झाले. आणि हा क्रँक जुन्या फोर्डच्या ठोकळ्यात बसत होता! मर्क्युरी कुठे तरी झाडावर आदळावी, तिचा क्रँक कुणी तरी खांद्यावर घालून घरी न्यावा, आणि शेजाऱ्याच्या जुन्या फोर्डने नव्या गाडीला मागे टाकावे, असा हा मामला. अर्थात नुसता क्रँक बदलून भागत नाही. चाल पाव इंचाने वाढली म्हणजे पिस्टन वर एक अष्टमांश इंच जादा चढणार आणि झाकणाला धडकणार. म्हणून पिनेचे भोक तेवढे वर असलेला पिस्टन लागे. हे ज्याला ठाऊक तो यशस्वी, ज्याला ठाऊक नाही त्याचे इंजिन पुन्हा भंगारात. काय कशात बसते आणि बसवताना कुठे अडते, हे ज्ञान हेच या मंडळींचे खरे भांडवल होते. ते कुठल्या शाळेत मिळत नव्हते. आवाराच्या कुंपणाशी, पेट्रोल पंपावर, मित्राच्या गॅरेजात ते तोंडोतोंडी फिरे.

गिअरचे तसेच. लिंकन-झेफर ही फोर्डच्याच घरातली बारा सिलिंडरची ऐटबाज गाडी, १९३६ सालची. तिच्या गिअरचक्रांचा संच फोर्डच्या गिअरबॉक्समध्ये घातला की दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अधिक वेगापर्यंत ताणता येई. श्रीमंताची गाडी भंगारात गेल्यावर तिची चक्रे गरिबाच्या गाडीत, असा हा व्यवहार.

सगळेच काही भंगारात मिळत नसे, हेही सांगितले पाहिजे. या इंजिनाला मुळात एक खोड होती. जळलेला धूर बाहेर नेणारे मार्ग ठोकळ्याच्या पोटातून, थंड करणाऱ्या पाण्याच्या मधून जात. शिवाय प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना धुराचे दार एकच. त्यामुळे इंजिन तापे. त्याला हवा आणि इंधन जास्त मिळावे म्हणून काही कुशल माणसांनी नवे भाग घडवायला घेतले. व्हिक एडेलब्रॉक हे त्यांतले ठळक नाव. हा कॅन्ससहून आलेला गॅरेजवाला. त्याच्याजवळ १९३२ ची रोडस्टर होती. रोज कामाला तीच, आणि शर्यतीलाही तीच. त्याने एका इंजिनावर दोन कार्बुरेटर बसतील अशी नळी ओतवून घेतली. कार्बुरेटर मात्र बहुधा जुनेच, स्ट्रॉम्बर्ग ९७ नावाचे, फोर्डच्या १९३६ च्या सुमाराच्या गाड्यांवरचे. १६ नोव्हेंबर १९४१ रोजी रोझामंड नावाच्या कोरड्या तळ्यावर त्याच्या गाडीने ताशी १२१.४२ मैलांचा वेग नोंदवला. मडगार्ड काढायचे, धावायचे, परत लावायचे आणि घरी जायचे.

कोरडे तळे म्हणजे काय, तर मोहावे वाळवंटातली पाणी आटून फरशीसारखी सपाट झालेली जमीन. म्युरॉक, रोझामंड, एल मिराज ही तिथली नावे. लॉस एंजेलिसहून रात्री निघून पोरे पहाटे तिथे पोचत. सुरुवातीला शिस्त नावाला नव्हती. चार-पाच गाड्या एका रांगेत सुटत, पहिलीच्या मागे धुळीचा लोट, आणि मागच्याला पुढचे काही दिसत नसे. माणसे मेली. तेव्हा १९३७ च्या नोव्हेंबरात तिथल्या मंडळांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था काढली. तिने घड्याळावर वेळ घेण्याची रीत आणि गाड्यांची तपासणी लावून दिली.

मग युद्ध आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत खासगी गाड्या बनणे थांबले. तरुण सैन्यात गेले आणि १९४५ नंतर परतले ते वेल्डिंग, पत्र्याचे काम, विमानाची इंजिने शिकून. शिवाय सरकारी जादा माल विक्रीस निघाला. आपल्याकडेही त्या काळात ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द घराघरात गेला होता, तोच प्रकार. बिल बर्क नावाच्या गृहस्थाने लढाऊ विमानाच्या पंखाखाली टांगायची इंधनाची टाकी घेतली, आत फोर्डचे इंजिन आणि स्वतःला बसवले, आणि १९४६ मध्ये तळ्यावर पळवली. पाण्याच्या थेंबाच्या आकाराची ती टाकी वाऱ्याला अडत नाही, एवढाच त्यातला विचार. पुढे अॅलेक्स झिडियास याच्या टाकीगाडीने १९५२ मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी १९८ मैलांपर्यंत मजल मारली. इंजिन? तेच फोर्ड घराण्याचे, मर्क्युरीचे, वाढवून २९६ घनइंच केलेले.

तळे मात्र शहरापासून लांब, आणि रस्ता दाराशी. युद्धानंतर रात्रीच्या वेळी शहरातल्या रस्त्यांवर शर्यती होऊ लागल्या. ज्या गाड्यांचा वेग दुप्पट झाला होता पण ब्रेक सळयांचेच राहिले होते, त्या चौकात थांबत नसत. वर्तमानपत्रांनी ‘हॉट रॉड’ हा शब्द गुंडांच्या यादीत घातला. माझ्या मते यात थोडा अन्याय झाला, कारण जो तळ्यावर तपासणी करून घेई आणि जो चौकात आडवा जाई, दोघांना एकच नाव मिळाले. पण मेलेल्या मुलाच्या आईबापांनी असला भेद का करावा?

यावर उपाय त्या मंडळींनीच शोधला. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसला या गाड्यांचे प्रदर्शन भरले आणि त्याच महिन्यात रॉबर्ट पीटरसन याने ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक काढला, किंमत पंचवीस सेंट. कुंपणाशी कुजबुजले जाणारे ज्ञान आता छापून येऊ लागले. त्या मासिकाचा संपादक वॉली पार्क्स. त्याने १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. पोरांना रस्त्यावरून हुसकावण्यापेक्षा धावायला पाव मैलाची पट्टी द्या, असा त्याचा आग्रह. १९५४ मध्ये या संस्थेची माणसे गाडीला सामानाचा डबा जोडून गावोगाव हिंडली आणि विमानतळाच्या जुन्या धावपट्ट्यांवर शर्यत कशी सुरक्षित घ्यायची ते शिकवीत गेली. धावण्याआधी गाडी तपासली जाई, आणि तपासणीत ब्रेक पाहिले जात.

फोर्डच्या इंजिनाचे राज्य मात्र संपत आले होते. १९४९ मध्ये ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक यांनी झडपा वर बसवलेली नवी आठ सिलिंडरची इंजिने आणली, आणि थोड्याच वर्षांत अपघातात सापडलेल्या कॅडिलॅकची इंजिने जुन्या फोर्डच्या सांगाड्यात दिसू लागली. १९५५ मध्ये शेवरोलेचे २६५ घनइंचांचे, हलके, १६२ अश्वशक्तीचे इंजिन निघाले. ते लाखोंनी खपले, म्हणजेच काही वर्षांनी भंगारातही भरपूर आले. फोर्डच्या गाडीत शेवरोलेचे इंजिन! हेन्री फोर्ड १९४७ मध्येच वारला होता, म्हणून त्याला हे पाहावे लागले नाही.

आज ती जुनी आवारे बहुतेक रिकामी झाली आहेत. १९३२ च्या रोडस्टरचा सांगाडा आता नव्या पत्र्यातून घडवून विकतात, आणि भंगारातून उचलून आणायचा तो स्ट्रॉम्बर्ग ९७ कार्बुरेटर नव्याने बनवला जातो. १९४९ च्या मर्क्युरीचा चार इंची क्रँक कुठे मिळालाच तर विकणारा त्याचे वजन करीत नाही.