गणन-सॉफ्टवेअरमधील पूर्वनिर्धारित साचा व एकके

अभियांत्रिकी गणन-सॉफ्टवेअरमध्ये नवे गणनपत्रक उघडताच, वापरकर्त्याने काहीही निवडलेले नसताना, जी मांडणी आणि जी मापनपद्धती आपोआप लागू होते, तिला अनुक्रमे पूर्वनिर्धारित साचा आणि पूर्वनिर्धारित एकके असे म्हणतात. साचा म्हणजे पुढील सर्व पत्रकांसाठी नमुना म्हणून जतन केलेले पत्रक होय. एककांची निवड हा बहुधा त्या साच्याचाच एक भाग असतो. ही निवड दिसायला किरकोळ असली, तरी उत्तरातील संख्येचा अर्थ तिच्यावरच अवलंबून असतो. या लेखात प्रामुख्याने मॅथकॅड या सॉफ्टवेअरच्या आधारे विषयाची ओळख करून दिली आहे.

पार्श्वभूमी

गणकपट्टी, कोष्टके आणि साधा कॅल्क्युलेटर यांना केवळ संख्या कळते. ती संख्या न्यूटनची आहे की किलोग्रॅमची, हे गणन करणाऱ्याला ध्यानात ठेवावे लागते. १९८६ साली अमेरिकेतील मॅथसॉफ्ट या कंपनीने आणलेल्या मॅथकॅडमध्ये समीकरणे कागदावर लिहावीत तशी पडद्यावर लिहिता येऊ लागली आणि संख्येसोबत तिचे एककही गणनात सहभागी झाले. २००६ मध्ये पीटीसी या कंपनीने मॅथसॉफ्ट विकत घेतली. २०११ मध्ये मॅथकॅड प्राइम ही नव्याने रचलेली मालिका सुरू झाली.

साच्यातील घटक

साच्यात सामान्यतः पुढील गोष्टी साठवलेल्या असतात :

• कागदाचा आकार, समास, शीर्षपट्टी, तळपट्टी व अक्षरवळण. अमेरिकेत प्रचलित असलेला लेटर आकार २१५.९ × २७९.४ मिलिमीटर, तर भारतात रूढ असलेला ए४ आकार २१० × २९७ मिलिमीटर असतो. साच्यात चुकीचा आकार राहिल्यास छापताना पृष्ठांची जुळणी बिघडते.
• उत्तरे दाखवण्याची रीत, म्हणजे दशांशस्थळांची संख्या. मॅथकॅडच्या जुन्या आवृत्तीत ती मुळात ३ असते. हे बंधन केवळ दर्शनापुरते असते. आतील गणन पूर्ण अचूकतेनेच चालते.
• गणनाची गृहीतके. उदाहरणार्थ, मॅथकॅडमध्ये सारणीतील घटकांची मोजणी ० पासून सुरू होते. पाठ्यपुस्तकांतील सूत्रांत ती बहुधा १ पासून असते. हा आरंभांक साच्यात एकदाच बदलून ठेवता येतो.
• एककपद्धती, तसेच वापरकर्त्याने स्वतः व्याख्या केलेली एकके व स्थिरांक.

साचा निश्चित करणे

मॅथकॅडच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये 'नॉर्मल' नावाचा साचा कोऱ्या पत्रकाचा आधार असतो. एखादे पत्रक हवे तसे सजवून ते याच नावाने साचा म्हणून जतन केले, की पुढील प्रत्येक नवे पत्रक त्या रूपात उघडते. मूळ साच्याची एक प्रत आधी वेगळी ठेवणे इष्ट असते. प्राइम मालिकेत साच्यांची सोय ३.० या आवृत्तीपासून आली.

साच्याचा परिणाम केवळ नव्या पत्रकांवर होतो. आज साच्यात केलेली दुरुस्ती काल तयार झालेल्या पत्रकाला लागू होत नाही. कारण पत्रक तयार होताना साच्यातील निवडी त्यात उतरतात आणि पुढे दोहोंचा संबंध राहत नाही. म्हणूनच दुसऱ्याकडून आलेले पत्रक उघडल्यावर त्यात पाठवणाऱ्याची एककपद्धती दिसते, स्वतःची नव्हे. कार्यालयाचा साचा बदलल्यानंतर जुनी पत्रके स्वतंत्रपणे तपासावी लागतात, ती याच कारणाने.

एककपद्धती

मॅथकॅडमध्ये एसआय, सीजीएस आणि अमेरिकी रूढ अशा एककपद्धती उपलब्ध असतात. त्यांपैकी कोणतीही निवडली तरी राशीचे मूल्य बदलत नाही. बदलते ते उत्तराचे दर्शन. उदाहरणार्थ, ३०० मिलिमीटर × ३०० मिलिमीटर छेदाच्या स्तंभावर ४५० किलोन्यूटन भार असल्यास प्रतिबल ५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येते. हेच उत्तर एसआय पद्धतीत ५०,००,००० पास्कल, तर अमेरिकी पद्धतीत सुमारे ७२५ पौंड-बल प्रति चौरस इंच असे दिसते. तिन्ही उत्तरे एकच होत.

सर्व सॉफ्टवेअर असे वागत नाहीत. संरचना-विश्लेषणासाठी भारतात मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या स्टॅडमध्ये एकक ही एक आज्ञा असते. त्या आज्ञेनंतर लिहिलेल्या प्रत्येक संख्येचा अर्थ, पुढची एकक-आज्ञा येईपर्यंत, तिच्यानुसारच लावला जातो. तेथे एकक बदलले आणि संख्या तशीच राहिली, तर भारच बदलतो. ऑटोकॅड या आरेखन-सॉफ्टवेअरमध्ये इंची आणि मेट्रिक असे दोन स्वतंत्र साचे असतात. चुकीच्या साच्यावर सुरू झालेले आरेखन दुसऱ्यात जोडताना २५.४ पटींचा फरक पडू शकतो.

भारतीय संदर्भ

भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला. तरीही अभियंत्यांच्या व्यवहारात अनेक पद्धती एकत्र नांदतात. काँक्रीटच्या प्रतीचे नाव हे त्याचे बोलके उदाहरण आहे. जुन्या भारतीय मानकात एम १५० म्हणजे १५० किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर सामर्थ्याचे काँक्रीट. एसआय एकके स्वीकारल्यानंतर त्याच्या जागी एम १५ आले, म्हणजे १५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. जुन्या इमारतीचा नकाशा वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

महाराष्ट्रात वाळू व खडी ब्रासमध्ये आणि जमीन गुंठ्यांत मोजतात. ही एकके सॉफ्टवेअरमध्ये मुळात नसतात; परंतु १ ब्रास म्हणजे १०० घनफूट (सुमारे २.८३ घनमीटर) आणि १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट (सुमारे १०१.२ चौरस मीटर) अशी व्याख्या साच्यात एकदा लिहून ठेवली, की ती नेहमीच्या एककांप्रमाणे वापरता येतात.

'टन' या शब्दाबाबत विशेष सावधगिरी आवश्यक असते. मॅथकॅडमध्ये साधा 'टन' म्हणजे अमेरिकी टन, म्हणजे २,००० पौंड किंवा सुमारे ९०७ किलोग्रॅम. १,००० किलोग्रॅमचा मेट्रिक टन तेथे 'टोन' या निराळ्या वर्णलेखनाने दर्शवितात. या दोहोंत गल्लत झाल्यास भार नऊ टक्क्यांहून अधिक कमी धरला जातो, आणि सॉफ्टवेअर कोणतीही सूचना देत नाही.

मर्यादा

मीटरमध्ये किलोग्रॅम मिळवू पाहिल्यास मॅथकॅड चूक दाखवते. मात्र एकाच मितीच्या दोन एककांतील गोंधळ त्याला ओळखता येत नाही. पीळ-आघूर्ण आणि ऊर्जा यांची मिती सारखीच असल्याने त्यांची अदलाबदलही निसटून जाते.

अनुभवजन्य सूत्रांबाबत अडचण अधिक सूक्ष्म असते. आयएस ४५६ या मानकानुसार काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक म्हणजे सामर्थ्याच्या वर्गमुळाची ५,००० पट. पण दोन्ही राशी न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्येच असल्या पाहिजेत. एम २५ साठी तो २५,००० येतो. सामर्थ्याची पास्कलमधील संख्या तशीच वर्गमुळात गेली आणि उत्तराला न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हे एकक जोडले, तर गुणांक हजारपट होतो. म्हणून अशा सूत्रात राशीला आधी विहित एककाने भागून शुद्ध संख्या मिळवतात आणि शेवटी एकक पुन्हा जोडतात.

गृहीत एककांमुळे झालेल्या दुर्घटना

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानातील इंधन आकाशातच संपले. इंधनमापक नादुरुस्त असल्याने इंधनाचे गणित हाताने केले गेले होते. २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. परंतु लिटरचे वजनात रूपांतर करताना ०.८०३ किलोग्रॅमऐवजी जुन्या विमानांसाठी सवयीचा असलेला १.७७ हा पौंडांचा गुणक वापरला गेला. परिणामी निम्म्याहून कमी इंधन भरले गेले. वैमानिकांनी इंजिनांविना विमान तरंगत नेऊन गिमली येथे उतरवले. कोणीही दगावले नाही.

नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरील एक सॉफ्टवेअर आवेगाचे आकडे पौंड-बल-सेकंदांत देत होते, तर पुढील सॉफ्टवेअर ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होते. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. नियोजित उंची २२६ किलोमीटर असताना यान सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत खाली आले.

दोन्ही प्रसंगी आकडेमोड बरोबर होती. चुकले ते न लिहिलेले, गृहीत धरलेले एकक. म्हणूनच साचा कितीही काळजीपूर्वक केलेला असला, तरी प्रत्येक आदानासोबत एकक स्पष्टपणे लिहिणे, अंतिम उत्तराचे एकक स्वतः निवडणे आणि पत्रकाच्या शीर्षपट्टीत एककपद्धती नमूद करणे हे सुरक्षित गणनाचे मूलभूत नियम होत.