शत्रूच्या शोकाचे नाटक

प्राचीन ग्रीक संस्कृतीचा विचार करू लागले की अभ्यासकाची दृष्टी प्रथम भग्न मंदिरे, नाणी व शिलालेख यांकडे वळते. ते स्वाभाविकही आहे. परंतु एखादा समाज स्वतःच्या विजयाकडे व पराभूत शत्रूकडे कोणत्या दृष्टीने पाहत होता, हे दगड क्वचितच सांगतो. त्यासाठी वाङ्मयाकडेच जावे लागते.

इ. स. पू. ४९४ मध्ये इराणी फौजेने आशिया मायनरमधील मायलीटस हे ग्रीक नगर उद्ध्वस्त केले. फ्रिनिकस या नाटककाराने त्या विषयावर शोकांतिका रचली आणि अथेन्सचे प्रेक्षक ढसाढसा रडले. हीरॉडोटस सांगतो की, आपल्याच माणसांच्या दुःखाची आठवण करून दिल्याबद्दल फ्रिनिकसला एक हजार द्राख्मांचा दंड झाला व त्या नाटकाच्या प्रयोगास कायमची मनाई करण्यात आली.

पुढे इ. स. पू. ४८० मध्ये झर्क्सिसने अथेन्स जाळले आणि त्याच वर्षी सॅलॅमिसच्या सामुद्रधुनीत त्याच्या आरमाराचा धुव्वा उडाला. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी, इ. स. पू. ४७२ मध्ये, एस्किलसचे ‘पर्शियन्स’ रंगभूमीवर आले. आज उपलब्ध असलेल्या ग्रीक नाटकांत ते सर्वांत जुने मानले जाते. प्रयोगाचा खर्च तरुण पेरिक्लीझने उचलला होता. नाटककार स्वतः मॅरेथॉनच्या रणांगणावर लढलेला. प्रेक्षकांतही सॅलॅमिसला वल्ही मारलेले नागरिक असणारच. अशा मंडळींपुढे एस्किलसने विजयोत्सव मांडला नाही. प्रसंग घडतो तो सूसा येथे, शत्रूच्या राजधानीत. राजमाता चिंताक्रांत आहे, दूत सर्वनाशाची वार्ता आणतो, आणि अखेरीस फाटक्या वस्त्रांतील झर्क्सिस वृद्ध अमात्यांसह आक्रोश करतो. मृत इराणी सरदारांची नावे एकामागून एक उच्चारली जातात. ग्रीक वीराचे मात्र एकही नाव येत नाही.

ही निर्भेळ करुणा समजणे भाबडेपणाचे ठरेल. वैऱ्याचा विलाप ऐकण्यात विजेत्याला सुखही असते. शिवाय नाटकातील इराण हा खरा इराण नव्हे. तेथील माणसे ग्रीक देवांची नावे घेतात. पुत्राच्या उद्दामपणाला दोष देणारा दरायसचा प्रेतात्मा शहाणा व संयमी दिसतो. इ. स. पू. ४९० मध्ये मॅरेथॉनवर सैन्य धाडणारा सम्राट तोच! सूसाच्या दरबाराची माहिती येथे शोधणारा इतिहासकार फसेल. अथेन्सविषयी मात्र त्याला पुष्कळ काही गवसेल. अथेन्सवासीयांचा धनी कोण, असे राजमाता विचारते, तेव्हा ते कोणाचेही अंकित नाहीत असे तिला कळते. हे ऐकून सुखावलेल्या नागरिकांच्या घरांत आणि खाणींत त्या वेळी असंख्य दास राबत होते.