अचल तावदान आणि हवेचा मार्ग

घराच्या खिडकीकडून मनुष्याने पूर्वापार तीन कार्यांची अपेक्षा केली आहे : प्रकाश आत यावा, बाहेरचे दृश्य दिसावे आणि हवा खेळती राहावी. अंगणाकडील वा बागेकडील दाराच्या जागी न उघडणारे, चौकटीत कायमचे बसविलेले काचेचे तावदान आले, तेव्हा यांपैकी पहिली दोन कार्ये वृद्धिंगत झाली. तिसरे मात्र निराधार झाले. विसाव्या शतकातील निवासस्थानाच्या इतिहासात या तिसऱ्या कार्याची जबाबदारी कोणी स्वीकारली व कोणी टाळली, हा प्रश्न काचेच्या सौंदर्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

या परिवर्तनामागे काचनिर्मितीतील प्रगती होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मोठी ओतीव काच सिद्ध झाली. तथापि तिचे दोन्ही पृष्ठभाग घासून चकचकीत करावे लागत असल्यामुळे विस्तीर्ण तावदान हे दीर्घकाळ वैभवाचेच लक्षण राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्जियममध्ये एमिल फूर्को यांनी वितळलेल्या काचेतून सलग पत्रा वर ओढण्याची रीत विकसित केली. पुढे १९५९ मध्ये इंग्लंडातील पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर काच तरंगविण्याची प्रक्रिया जाहीर केली आणि घासकामाची गरजच नाहीशी झाली. परंतु काचेचा एक स्वभाव कोणत्याही प्रक्रियेने पालटला नाही. सूर्याची लघुलहरी उष्णता ती आत सोडते. तापलेल्या फरशीतून निघणारी दीर्घलहरी उष्णता मात्र तिच्यातून थेट बाहेर पडत नाही आणि तापलेली हवाही आत कोंडून राहते.

वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहे यांना या स्वभावाची जाणीव होती, याची साक्ष चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथे १९३० मध्ये पूर्ण झालेले तुगेनधात गृह देते. तेथील बागेकडील भिंत काचेची असली, तरी तिच्यातील दोन प्रचंड तावदाने विद्युत्‌यंत्राच्या साहाय्याने जमिनीखाली उतरविता येत. भिंतीचे रूपांतर खुल्या ओसरीत करण्याचा अधिकार रहिवाशाच्या हाती राहिला होता.

याच काळात पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांनी विरुद्ध मार्ग पत्करला. निराधारांसाठी बांधलेल्या व १९३३ मध्ये उघडलेल्या सिते द रफ्यूज या आश्रयगृहाची दक्षिणाभिमुख काचभिंत पूर्णतः बंद होती. दुहेरी काच व यांत्रिक शीतन यांवर मूळ योजनेचा भर होता. खर्चाच्या मर्यादेमुळे दोन्ही गोष्टी वगळल्या गेल्या आणि बंद काच तेवढी राहिली. उन्हाळ्यात आतील उष्मा असह्य झाला. अखेर तेथे उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर दर्शनी भागास ऊन अडविणाऱ्या पडद्यांची जोड देण्यात आली.

हा अनुभव उपलब्ध असतानाही मीस यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात प्लेनोजवळ १९५१ मध्ये पूर्ण केलेल्या फार्न्सवर्थ गृहात चारी बाजूंस एकेरी काचेची अचल तावदाने योजिली. प्रवेशद्वार आणि पूर्वेकडील दोन लहान झडपा एवढाच हवेचा मार्ग होता. परिणामी उन्हाळ्यात घर तापे आणि हिवाळ्यात थंड काचेवर बाष्प साचे. गृहस्वामिनी डॉ. एडिथ फार्न्सवर्थ व वास्तुविशारद यांच्यातील खर्चाविषयीचा वाद न्यायालयात गेला व निकाल मीस यांच्या बाजूने लागला. परंतु वास्तव्याच्या सुखाचा प्रश्न न्यायालयाच्या निकालाने सुटणारा नव्हता. १९७२ मध्ये घर विकले गेल्यावर नव्या मालकाने तेथे वातानुकूलन बसविले. निराधार झालेले कार्य शेवटी यंत्राकडे सोपविले गेले.

अचल काच आणि सुखावह वास्तव्य यांत अपरिहार्य विरोध आहे, असा निष्कर्ष मात्र यावरून काढता येत नाही. जॉर्ज फ्रेड केक यांनी १९४० नंतरच्या दशकात इलिनॉयमध्ये बांधलेल्या सौरगृहांत दक्षिणेकडील दुहेरी काच अचलच होती; पण हवेसाठी पट्ट्यांच्या स्वतंत्र झडपा ठेवलेल्या होत्या. पुढे आलेल्या छज्जामुळे उन्हाळ्यातील उंच सूर्य अडे व हिवाळ्यातील तिरपे ऊन आत येई. शिवाय अचल काच बसविणे स्वस्तही पडते, कारण तिला बिजागरी, कडी व फिरती चौकट लागत नाही. युद्धोत्तर अमेरिकेत रूढ झालेले, एक भाग स्थिर व दुसरा सरकता असलेले अंगणाकडील काचद्वार याच विचाराचे लौकिक रूप होय.

मुळात 'अचल' हे विशेषणही सापेक्षच आहे. ४० अंश सेल्सियसच्या तापमानभेदात तीन मीटर लांबीची काच सुमारे १.१ मिलिमीटर, तर तेवढीच ॲल्युमिनियमची चौकट सुमारे २.८ मिलिमीटर वाढते. म्हणून काच चौकटीत करकचून न बसविता तिच्या कडेभोवती मोकळी जागा ठेवावी लागते. जी मोकळीक कुशल कारागीर काचेला देतो, तीच घरात राहणाऱ्यास देण्याचा विसर ज्या रचनांना पडला, त्यांत पुढे दुरुस्ती करणे भाग पडले. पॅरिस व प्लेनो येथील दोष काचेचा नव्हता; हवेचे कार्य काढून घेताना ते दुसऱ्या कोणाकडे सोपविले न जाणे, हा होता.